नवीन गाडीला एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

दसऱ्याला नवीन गाडी घ्यायचं नक्की होतंय. टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. कोटेशनमध्ये आरटीओ आणि विम्याच्या खाली 'एक्स्टेंडेड वॉरंटी, २ वर्षे' अशी ओळ आहे, रक्कम साधारण २० हजार. कंपनीची मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किमी. वापर म्हणाल तर आठवड्यातून एकदा नाशिक-मुंबई-नाशिक, बाकी रोजचं गंगापूर रोड ते अंबड.

तीन प्रश्न आहेत. घ्यावी का? डिलिव्हरीच्या दिवशीच घ्यावी लागते का? आणि प्रत्यक्षात काय भरून मिळतं, काय नाही? कुठला ब्रँड चांगला यावर कृपया जाऊ नका, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

शेवंती

माझं स्पष्ट मत : नको. २० हजार बाजूला ठेवा. बिघाड आला तर त्यातून भरा, नाही आला तर तुमचेच आहेत. पहिली पाच वर्षं आजकालच्या गाड्यांना काही होत नाही.

पाना_दहाबारा

शेवंतीताई, साध्या पेट्रोल मॅन्युअल गाडीसाठी तुमचं म्हणणं मला पटतं. १.२ लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन आणि पाच गिअर असतील तर चौथ्या-पाचव्या वर्षी काय जातं? बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे रबरी बुश. हे सगळं वापरून झिजणारं सामान, आणि ते सहसा एक्स्टेंडेड वॉरंटीत बसत नाही. म्हणजे जे जाणार ते भरून मिळणार नाही, आणि जे भरून मिळणार ते सहसा जात नाही.

पण गोदाकाठ यांची गाडी ड्युअल क्लच आहे. तिथे हिशेब उलटा होतो. या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मेकाट्रॉनिक युनिट असतं. सोलेनॉइड वाल्व (विजेवर उघडझाप करणारे), सेन्सर आणि कंट्रोल बोर्ड एकाच घरात. त्यातला एक सोलेनॉइड अडकला तरी वर्कशॉप बहुतेक वेळा पूर्ण युनिटच बदलतं, आणि खर्च सहा आकड्यांत जाऊ शकतो. त्याच्या जोडीला टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा. तिथे बेअरिंगला तेल पुरवणारी बारीक नळी कार्बनने चोंदली की शाफ्ट हलायला लागतो, शिटीसारखा आवाज येतो आणि मागून निळसर धूर. अशा गाडीला २० हजार बाजूला ठेवून भागत नाही.

थोडक्यात उतरंड अशी लावा : ड्युअल क्लच, सीव्हीटी (गिअरऐवजी पुली आणि बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक), टर्बो डिझेल, सनरूफ आणि मोठी स्क्रीन असलेलं वरचं मॉडेल यांना घ्या. एएमटीच्या (मॅन्युअल गिअरबॉक्स यंत्राने चालवणाऱ्या ऑटोमॅटिकच्या) बाबतीत विचार करा, कारण तिचा क्लच मॅन्युअलसारखाच असतो आणि तो वॉरंटीत नाही. त्याला चालवणारं यंत्र, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, मात्र सहसा वॉरंटीत असतं. साधी मॅन्युअल पेट्रोल असेल तर सोडा.

नवशिका_एमएच१५

ड्युअल क्लचमधला क्लच तरी मिळतो का भरून?

पाना_दहाबारा

कंपनीगणिक वेगळं. काही पुस्तिकांत क्लच पॅक 'झिजणारा भाग' म्हणून सरळ वगळलेला असतो, काहींत गिअरबॉक्सचा भाग म्हणून धरलेला. पैसे भरायच्या आधी हाच एक शब्द पुस्तिकेत शोधा. सेल्समनच्या तोंडी उत्तराला काही अर्थ नाही.

आणि क्लच ड्राय (तेलात न बुडलेला) असेल तर द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर गाडी इंच-इंच सरकवू नका. सरकवताना क्लच अर्धवट लागलेला असतो आणि तापतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम जा. थांबताना ब्रेक पूर्ण दाबून ठेवा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं तर अजिबात नको. कंट्रोल युनिटमध्ये तापमानाची नोंद राहू शकते आणि क्लेमच्या वेळी ती वाचली जाऊ शकते.

हिशेबनीस

आता आकडे मांडू. नाशिक-मुंबई एका बाजूने १७० किमी धरा. आठवड्याला ३४०, वर्षाला सुमारे १७,७००. रोजचे २० किमी, ३०० दिवस, म्हणजे ६,०००. एकूण वर्षाला २३,७००.

तिसऱ्या वर्षाअखेर ७१,०००. म्हणजे मूळ वॉरंटी वर्षांनी संपेल, किलोमीटरने नाही. पाचव्या वर्षाअखेर १,१८,५००. आता कोटेशनवर बघा, वाढीव दोन वर्षांना किलोमीटरची मर्यादा किती लिहिली आहे? ती १ लाखच असेल तर तुमची वाढीव वॉरंटी चौथं वर्ष पूर्ण झाल्यावर अडीच महिन्यांनी संपते. पैसे दोन वर्षांचे आणि संरक्षण सव्वा वर्षाचं. १,२०,००० असेल तर जेमतेम पुरते. 'जे आधी घडेल ते' ही ओळ जाहिरातीत बारीक असते, पण पैसे तिच्यावरच ठरतात.

तुलनेसाठी, मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी २ वर्षे/४० हजार वरून ३ वर्षे/१ लाख किमी केली आणि वाढीव धरून एकूण ६ वर्षे/१ लाख ६० हजारपर्यंत नेली. २३,७०० च्या वेगाने सहा वर्षांत १,४२,००० होतात, म्हणजे तिथे पूर्ण मुदत वापरता येते. असा मेळ प्रत्येकाने आपल्या वापराशी घालून बघावा.

दुसरं, ही रक्कम कर्जात घालू नका. ऑन-रोड किमतीत मिसळली की लक्षात येत नाही. २० हजार, ९ टक्के, ७ वर्षे : महिना ३२२ रुपये, एकूण २७ हजार. पाच वर्षांच्या संरक्षणाचे हप्ते सात वर्षं चालू राहतात. वेगळा चेक द्या, वेगळी पावती घ्या.

शेवंती

पाना_दहाबारा, हिशेबनीस, ड्युअल क्लचपुरतं मत बदलते. माझा मुद्दा साध्या गाड्यांसाठी कायम.

सातपूर_लेथ

डिझेलवाल्यांसाठी भर घालतो. आपल्या गावाला हा विषय जवळचा, सातपूरच्या बॉशमध्ये (जुन्या लोकांची मायको) डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात, त्यामुळे इथे मायक्रॉनची भाषा घरोघरी कळते.

कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) डिझेल १,६०० ते २,००० बार दाबाने येतं. इंजेक्टरच्या आतल्या सुईची फट काही मायक्रॉनची. पाणी किंवा कचरा गेला की सुई घासते आणि डिझेल सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी रिटर्न लाइनने मागे फिरतं. हे तपासायला संगणक लागतोच असं नाही. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढून तिथे खुणा केलेली छोटी पारदर्शक बाटली लावतात, चार इंजेक्टर तर चार बाटल्या ओळीने. इंजिन काही मिनिटं आयडलला चालवायचं. तीन बाटल्यांत तळाशी बोटभर डिझेल आणि एकीत गळ्यापर्यंत आलं, तर तो इंजेक्टर गेला. मेकॅनिकला ही चाचणी आपल्यासमोर करायला सांगा आणि बाटल्यांचा फोटो घ्या.

क्लेम अडतो तो इथेच. वर्कशॉपचं उत्तर येतं, 'इंधन भेसळीचं, वॉरंटीत बसत नाही.' म्हणून पंपाची बिलं जपून ठेवा, फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी पाणी काढा, आणि फिल्टर बदलल्याची नोंद जॉबकार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर) आहे ना ते बघा. भेसळ म्हणत असतील तर इंधनाच्या नमुन्याचा तपासणी अहवाल लेखी मागा.

बीएस-६ डिझेलला अजून एक गोष्ट : डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. काजळी जाळायला धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं. रोज पाच किमी शाळा-बाजार केला तर ते होत नाही. काजळी जाळण्याचं हे काम (रिजनरेशन) अर्धवट तुटत राहिलं की जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी कमाल खुणेच्या वर चढलेलं दिसलं तर हेच कारण समजा. चोंदलेला डीपीएफ बहुतेक वेळा 'वापराचा दोष' म्हणून नाकारतात. आठवड्यातून एकदा सिन्नरपर्यंत किंवा ओझरच्या पुढे वीस मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी काढा, निम्मा प्रश्न सुटतो.

घाटमार्ग

+१. गोदाकाठ यांची पेट्रोल आहे, पण धागा वाचणाऱ्या डिझेलवाल्यांनी हे लिहून ठेवावं.

द्राक्षबाग_निफाड

आमच्या पट्ट्यातला प्रश्न विचारतो. बागेत, शेडमध्ये गाडी लावली की उंदीर वायरिंग खातात. एक्स्टेंडेड वॉरंटीत येतं का?

पाना_दहाबारा

नाही भाऊ. वॉरंटी म्हणजे कारखान्यातून आलेल्या दोषाची हमी. उंदीर, पूर, अपघात, दगड लागून फुटलेला एसी कंडेन्सर हे बाहेरचं नुकसान, ते विम्याकडे. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर विमा कंपनीला आधी कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत वायरींना हात लावू नका.

आणि रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून खाल्लेल्या वायरी जोडून टेप मारून घेऊ नका. पुढे ईसीयू (इंजिनचा संगणक) किंवा एबीएसचा बिघाड आला तर पहिली नजर त्या टेपवर जाते. हॉर्न, फॉग लॅम्प, कॅमेरा बसवतानाही तेच. मूळ हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) वायर सोलून जोड दिला की त्या सर्किटची वॉरंटी गेली असं धरा. कपलर-टू-कपलर (वायर न कापता प्लगला प्लग जोडणारं) वायरिंग घ्या, रिले आणि फ्यूज वेगळा, करंट थेट बॅटरीवरून. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचंही असंच, इंजिन आणि वायरिंगचे क्लेम त्यावर अडतात.

गोदाकाठ

पुराचा उल्लेख आला म्हणून विचारतो. पार्किंग नदीपासून लांब नाही. दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातली ही मूर्ती म्हणजे आमचं पुराचं माप) छातीला पाणी लागलं की आमच्याकडे सगळे गाड्या वर हलवतात.

घाटमार्ग

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ दोन्ही वेळा गोदेचं पाणी बाजारात आलं होतं, त्यामुळे हा प्रश्न नाशकात विचारायलाच हवा.

पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गाडी टो करून न्या. साध्या पॉलिसीत स्टार्टर मारल्यानंतरचं इंजिनचं नुकसान 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारतात. त्यासाठी विम्यात जादा पैसे भरून घ्यायचं इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन लागतं. एक्स्टेंडेड वॉरंटीचा इथे काडीचा उपयोग नाही. नदीकाठच्या पार्किंगवाल्याने एकच काही घ्यायचं म्हटलं तर मी इंजिन प्रोटेक्ट आधी म्हणेन.

हिशेबनीस

सहमत. शोरूममध्ये विमा, अ‍ॅड-ऑन आणि वॉरंटी एका दमात सांगतात, त्यामुळे लोकांना तिन्ही एकच वाटतात.

वकिलीण

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी, कारण वरचं सगळं ठीक असलं तरी पैसे अडकतात ते कागदावर.

एक, हमी कोण देतंय ते बघा. तीन प्रकार असतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीची, एखाद्या विमा किंवा वॉरंटी कंपनीची, आणि डीलरची स्वतःची. डीलरची हमी त्याच्याच वर्कशॉपपुरती चालते. गाडी पुण्यात किंवा धुळ्यात बंद पडली तर प्रश्न. सर्टिफिकेटवर देणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक क्लेमची कमाल रक्कम आणि तुमच्या खिशातला हिस्सा लिहिलेला असतो, तोही बघा.

दोन, गाडी घेताना वॉरंटी किंवा विमा त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एक वस्तू देण्यासाठी दुसरी घ्यायला लावणं ही निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे. 'ती ओळ काढून कोटेशन द्या' एवढं लेखी मागितलं तरी बहुतेक वेळा काम होतं.

तीन, क्लेम नाकारला तर नकार लेखी घ्या : कोणता भाग, कोणतं कलम, काय कारण. काढलेला भाग परत मागा किंवा निदान त्याचे फोटो घ्या. मग आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी मुंबईत घेतलेली असली तरी तुम्ही नाशिकला राहत असाल तर तक्रार नाशिकच्या आयोगात करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

नवशिका_एमएच१५

बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते हे खरं का? द्वारकेला निम्म्या पैशांत होतं.

वकिलीण

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा कार कंपन्यांना दंड केला होता. त्याच आदेशात म्हटलंय की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. पण प्रकरण पुढे अपिलांत गेलं. त्यामुळे काउंटरवर तो आदेश दाखवला की काम झालं, असं होत नाही. वाढीव वॉरंटीच्या करारात तर अधिकृत सर्व्हिसची अट तुम्ही सही करून मान्य केलेली असते.

पाना_दहाबारा

व्यवहारात सांगतो. वॉरंटी चालू आहे तोवर तेल, फिल्टर, कूलंट, गिअर ऑइल ही कामं अधिकृत ठिकाणी आणि मॅन्युअलमधल्या मुदतीत. १०,००० किमी किंवा १ वर्ष लिहिलं असेल तर १३,००० ला जाऊ नका, एका उशिरावर इंजिनचा क्लेम अडलेला असतो. सीव्हीटीत तर साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल) टाकलं की स्टीलचा बेल्ट पुलीवर घसरतो, तिथे भांडायलाही जागा उरत नाही. टायर, व्हील अलाइनमेंट, वायपर, बॅटरी मात्र खुशाल बाहेर करा.

सर्व्हिसच्या बिलातली 'इंजिन फ्लश', 'इंजेक्टर क्लीनिंग', 'अंडरबॉडी कोटिंग' ही कामं वॉरंटीसाठी बंधनकारक नसतात. मॅन्युअलच्या तक्त्यात नाहीत ती काढून टाकायला सांगा. निम्म्या पैशांतला बराचसा फरक तिथेच भरून निघतो.

सातपूर_लेथ

टॅक्सीवाल्यांनीही लक्ष द्या. शिर्डी-त्र्यंबक चालवणाऱ्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांना खासगी गाडीच्या अटी लागत नाहीत, मुदत आणि किलोमीटर वेगळे असतात. पांढऱ्या पाटीवर भाडं मारताना सापडलं तर क्लेम जातो.

गोदाकाठ

खूपच उपयोगी माहिती, मनापासून आभार. दुसरा प्रश्न राहिला : डिलिव्हरीलाच घ्यावी लागते का?

पाना_दहाबारा

नाही. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत देतात. फक्त किंमत टप्प्याटप्प्याने वाढते. पहिले काही महिने कमी, वर्षानंतर जास्त, शेवटच्या वर्षात सर्वांत जास्त आणि कधी गाडीची तपासणी करून. टप्पे काय आहेत ते लेखी विचारा. साध्या गाडीवाल्याने थांबून बघायला हरकत नाही. तुमचं ठरलेलंच आहे, तर पहिल्याच टप्प्यात घ्या. फक्त कर्जात नको, हिशेबनीसांनी सांगितलंय तसं.

घेतल्यावर पंधरा दिवसांनी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून चेसिस नंबर सांगा आणि वाढीव वॉरंटी नोंदली आहे का विचारा. डीलरने पैसे घेतले पण सिस्टिममध्ये चढवलं नाही, हा घोळ चौथ्या वर्षी उघडा पडतो आणि तोवर तो सेल्समन नोकरी सोडून गेलेला असतो.

घाटमार्ग

एक काम सगळ्यांनीच करावं, वाढीव घेतलेली असो वा नसो. मूळ वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी गाडी बारकाईने बघा. चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर हात फिरवा. नुसती धूळ असेल तर ठीक, तेलात भिजून चिकट काळी धूळ बसली असेल तर सील गेलंय. ६० ते ८० च्या वेगात घूं असा आवाज येतो आणि वळणावर बदलतो का बघा, ते व्हील बेअरिंग. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओल आहे का, स्टीअरिंग टोकाला नेताना टकटक आहे का, उन्हात एसी किती वेळात थंड होतो, सनरूफ पूर्ण सरकतो का.

जे सापडेल ते जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. मुदतीत नोंदलेली तक्रार मुदतीनंतरही लावून धरता येते. 'असा आवाज सगळ्यांना येतो' म्हणाले तर तेही त्याच कागदावर लिहून मागा.

शेवंती

हे मात्र फार आवडलं. वाचनखूण साठवली.

द्राक्षबाग_निफाड

गाडी विकली तर पुढच्याला मिळते का?

हिशेबनीस

कंपनीची असेल तर बहुतेक मिळते, पण आपोआप नाही. आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्यावर ठरलेल्या दिवसांत अर्ज आणि फी भरून बदलून घ्यावी लागते. डीलरच्या स्वतःच्या योजनेत अनेकदा मिळत नाही. दोन वर्षं शिल्लक असलेल्या ऑटोमॅटिकला घेणारा थोडे जास्त देतो, पण वॉरंटीचे पूर्ण पैसे वसूल होतील अशी अपेक्षा ठेवू नका.

नवशिका_एमएच१५

इलेक्ट्रिकला कोणी घेतली तर?

पाना_दहाबारा

बॅटरीला अनेक कंपन्यांची ८ वर्षे/१ लाख ६० हजार किमीची वेगळी हमी असते, त्यासाठी पुन्हा पैसे देऊ नका. वाढीव योजनेत गाडीतला चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीची वीज छोट्या बॅटरीसाठी उतरवणारा), एसी कॉम्प्रेसर आणि स्क्रीन येतात का ते विचारा. येत असतील तर घेण्यात अर्थ आहे.

गोदाकाठ

ठरलं. कंपनीची योजना, १,२०,००० ची मर्यादा लेखी मिळाली तर, वेगळ्या चेकने. सोबत इंजिन प्रोटेक्ट. एक शेवटचं : वॉरंटीची तारीख बुकिंगपासून मोजतात की पासिंगपासून?

वकिलीण

बहुतेक कंपन्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात. पण डीलर सिस्टिममध्ये जी विक्रीची तारीख चढवतो तीच चालते. महिनाअखेरीस आकडा दाखवायला काही वेळा गाडी हातात यायच्या आधीच विक्री चढवली जाते. दसऱ्याला गाडी घ्याल तेव्हा वॉरंटी कार्डावर दसऱ्याचीच तारीख आहे ना, ते शोरूममधून निघायच्या आधी बघा. आधीची असेल तर तिथेच दुरुस्त करून सही-शिक्का घ्या.